प्रकल्प आमच्या वाड्यावर झाला, तर निष्कर्षही वाड्यावर यावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

माझी भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा आहे. ही योजना १९७९ पासून चालू आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातल्या एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा संशोधन प्रकल्प करायचा आणि अहवाल पाठवायचा. अहवाल मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, हे मान्य नाही. परीक्षा आहे, पुढे पदव्युत्तर प्रवेशाची नीट पीजी आहे, त्यात हे आणखी कशाला, असं तो म्हणतो. मुलांच्या काळजीपोटी असं बोलणारे पालक गोव्यात घरोघरी आहेत, म्हणून घरातला हा विषय आपल्या दैनिकातून मांडते आहे.

मी भाचीच्या बाजूची आहे. मात्र प्रकल्प कसा व्हावा याबद्दल मला काही सांगायचं आहे, आणि ते वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी ऐकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. नोकरीचा बहुतेक काळ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गेला. उपकेंद्राच्या पडवीत हातात फॉर्म घेऊन उभे राहिलेले विद्यार्थी मी खूप पाहिले. "सिस्टर, आम्हाला जरा घरं दाखवाल का?" इथून सुरुवात व्हायची. गोव्यातलेही असायचे, बाहेरचेही. कोणाबरोबर शिक्षक असत, बहुतेकांबरोबर नसत. हे शिक्षक असणं आणि नसणं, एवढ्यावरच सगळं ठरतं हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

शिक्षक नसताना काय होतं ते आधी सांगते. एकदा काही मुलं आली. कुठल्या कॉलेजची ते इथे लिहीत नाही. दिवस काजूचे होते. काजूच्या दिवसांत आमच्याकडे माणसं उजाडायच्या आत भाटात, म्हणजे बागायतीत, जातात. बोंडू वेचायचे, बी वेगळी करायची, बोंडू भट्टीवर पोचवायचे. घरी परतायला दुपार होते. ही मुलं दहा-साडेदहाला आली, त्यांना दारं बंद दिसली. जी उघडी होती तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं. दोन वाजता त्यांची गाडी परतणार होती. मग त्यांनी उपकेंद्रातल्या टेबलावर बसून उरलेले फॉर्म अंदाजाने भरायला घेतले आणि मला म्हणाली, घरातल्या माणसांची संख्या तेवढी तुमच्या रजिस्टरमधून सांगा. मी रजिस्टर दिलं नाही. मुलं वाईट नव्हती. त्यातल्या एकीला तर रडू आलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की एवढ्या दिवसांत एवढी घरं होत नसतील तर घरं कमी करायची असतात, आकडे बनवायचे नसतात. सांगायला माणूस बरोबर हवं होतं, ते कॉलेजात बसलं होतं. अशा कागदांतून पुढे टक्केवारी निघते, तिचा तक्ता होतो, आणि तो तक्ता बघून कोणीतरी सत्तरीतल्या लोकांबद्दल निर्णय घेतं. याचा मला आजही राग येतो.

आता दुसरी हकीकत. ही सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडताप आला. त्याआधी हा ताप कर्नाटकाचा, असंच आम्ही समजत होतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. जंगलात माकडं मरतात, त्यांच्या अंगावरचे गोचीड खाली पाचोळ्यात पडतात, आणि पाचोळ्यात हात घालणाऱ्या माणसाला चावतात. चावणारा गोचीड इतका बारीक असतो की चावल्याचं कळतही नाही. काजूचा हंगाम आणि या गोचिडांचा हंगाम एकच. तेव्हा आम्ही घरोघरी फिरून गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटत होतो, तापाचे रुग्ण शोधत होतो, रक्ताचे नमुने तपासणीला जात होते.

नंतरच्या एका वर्षी एक विद्यार्थी आला. सासष्टीतला मुलगा, दुसऱ्या वर्षाचा. काजूच्या बागायतीत जाणारे लोक हे तेल खरोखर लावतात का, आणि नसतील लावत तर का नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याची मार्गदर्शक मॅडम पहिल्या दिवशी स्वतः आली. पायात साध्या चपला, हातात छत्री. आधी तासभर माझ्याशी आणि अंगणवाडीच्या बाईंशी बोलली. लोक केव्हा घरी असतात, कोणत्या वाड्यावर बायका मोकळेपणाने बोलतात, कुठे सासूसमोर सून तोंड उघडत नाही, हे सगळं वहीत लिहून घेतलं. वेळ ठरली संध्याकाळची, दिवेलागणीच्या आधीची.

पहिल्या काही घरांत मी दोघांबरोबर गेले. प्रत्येक घरी उत्तर एकच: हो, तेल लावतो, रोज लावतो. मुलगा खूश झाला. मॅडम मात्र गप्प होती. तिसऱ्या की चौथ्या घरातून बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, "सिस्टर, रागावू नका, पण तुम्ही आता घरात येऊ नका. तेल वाटणारी तुम्हीच, मग तुमच्या तोंडावर नाही कोण म्हणेल?" मला क्षणभर वाईट वाटलं, इतकी वर्षं ही घरं माझी होती. पण बाई बोलली ते सोळा आणे खरं होतं. मी आंब्याखाली बसून राहिले. त्यानंतर तिने मुलाला आणखी एक गोष्ट शिकवली. नुसतं विचारू नकोस, तेल घरात असेल तर बघू द्याल का, असं म्हण. बाटल्या निघाल्या. कित्येक बाटल्यांची झाकणंही उघडलेली नव्हती.

पुस्तकात याला काही नाव असेल. त्या मुलाला ते वर्गात शिकवलंही असेल. पण ते त्याला कळलं त्या अंगणात, आणि कळलं कारण शिक्षिका तिथे उभी होती. एका हंगामाच्या कामात तो उद्याचा डॉक्टर शिकला की रुग्ण "गोळ्या घेतो" म्हणाला म्हणजे त्याने घेतल्याच असं नाही. हे ज्ञान त्याला ओपीडीत जन्मभर उपयोगी पडेल. माझ्या भावाला मी हेच सांगते आहे.

आणखीही बारीकसारीक गोष्टी आहेत. प्रश्नावलीत "काजूच्या बागेत जाता का?" असा प्रश्न होता. पुष्कळ बायका नाही म्हणायच्या, कारण त्यांचं स्वतःचं भाट नव्हतं. पण त्याच बायका गोठ्यासाठी पातेरा, म्हणजे पाचोळा, आणायला रानात जातात, सरपणाला जातात, दुसऱ्याच्या भाटात मजुरीला जातात. पातेऱ्यातच तर गोचीड असतो. मी मॅडमला म्हटलं, पातेरा कोण आणतं हे विचारा. तिला ते पटलं. मुलगा तिथल्या तिथे पेनने प्रश्न वाढवायला निघाला, तर तिने थांबवलं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीने जो कागद मंजूर केला आहे त्यात आपल्या मनाने बदल करता येत नाही, म्हणाली. बदल लिहून समितीकडे पाठवला, मंजुरी येईपर्यंत काम थांबलं. मुलगा कासावीस झाला होता, कारण दोन महिने म्हणजे फार थोडा वेळ. पण ती थांबली, आणि त्याला थांबायला लावलं.

संमतीपत्राचंही तसंच. आजी वाचू शकत नसेल तर तिला सगळं वाचून दाखवायचं, ती ऐकत असताना एक त्रयस्थ साक्षीदार हजर हवा, मग अंगठा. मी प्रकल्पाला मदत करत होते म्हणून मॅडमने मला साक्षीदार होऊ दिलं नाही. शेजारची शिकलेली सून बोलावून आणली. एका घरातला गृहस्थ नको म्हणाला. त्याला वाटत होतं की माहिती दिली की रेशनकार्डावर काहीतरी येईल. मुलगा समजावायला लागला, तर मॅडम अंगणातून म्हणाली, "नको म्हणाले ना? मग त्यांना नमस्कार कर आणि चल." सरकारी माणसांनी इतक्या सहज माघार घेतलेली आमच्या लोकांनी क्वचितच पाहिली असेल. तो गृहस्थ पुढे आठवड्याभरात स्वतःहून उपकेंद्रात आला, पण त्याचा फॉर्म काही मॅडमने भरून घेतला नाही. नुसता चहा पिऊन गेला.

त्या दिवसांत एकदा वळवाचा पाऊस जोरात आला आणि आम्ही देवळाच्या पडवीत अडकलो. मुलगा नाराज होता. आपण शोधायला निघालो एक आणि सापडतंय भलतंच, तेल वाटण्यात काही चुकत नाही असं आपल्याला दाखवायचं होतं, असं काहीतरी तो म्हणाला. तेव्हा मॅडमने त्याला एक गोष्ट सांगितली ती मी विसरलेले नाही. १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅकलीन नावाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी विल्यम हॉवेल या प्राध्यापकांकडे काम करत होता. प्राध्यापकांनी त्याला रक्त गोठवणाऱ्या पदार्थावर काम दिलं होतं. त्याला सापडला उलटा पदार्थ, रक्त गोठू न देणारा. प्राध्यापकांचा आधी विश्वास बसेना. मग त्याने मांजराच्या रक्तात तो पदार्थ घालून भांडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, हे कधी गोठतं ते मला सांगा. ते गोठलंच नाही. त्या कामातून पुढे हेपरिन आलं. हेपरिन म्हणजे काय ते आमच्या तालुक्यातल्या डायलिसिसला जाणाऱ्या माणसांना वेगळं सांगायला नको, बहुतेकांना ते दर खेपेला दिलं जातं. मॅडम त्या मुलाला एवढंच म्हणाली, "विद्यार्थ्याला उलटं सापडलं म्हणून प्राध्यापकांनी त्याचं काम टाकून दिलं नाही. मीही तुझं टाकणार नाही. जे दिसलं ते लिही."

चवथीच्या आधी ती दोघं परत आली. अहवाल पाठवून झाला होता, त्यांना येण्याची सक्ती नव्हती. देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या, थोडे पुरुषही आले. मुलाने कोकणीतून सांगितलं, अडला तिथे मी मराठीतून सांगितलं. कोणाचं नाव नाही, कोणाचं घर नाही, फक्त काय दिसलं ते. तेल घरोघरी पोचलं आहे, वापर कमी आहे. आणि का, ते बायकांनीच सभेत पुन्हा सांगितलं. तेलाचा वास हाताला राहतो, त्याच हाताने भाकरी थापायची, लेकराला भरवायचं, कसं जमणार? हे कारण आम्हा तेल वाटणाऱ्यांच्या कुठल्याही कागदावर नव्हतं. मॅडमने समजावलं: पायांना, पोटऱ्यांना, मनगटाच्या वर लावा, लावून झाल्यावर हात साबणाने धुवा. परत आल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ, आणि भाटातले कपडे घरातल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, गरम पाण्यात घालायचे. पातेरा घराला लागून रचायचा नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, हे तुम्ही आधी का सांगितलं नाही? मॅडम म्हणाली, कारण आधी आम्ही तुम्हाला विचारलं नव्हतं.

संपादक महाशय, माझ्या सगळ्या नोकरीत निष्कर्ष सांगायला परत आलेली ही एवढीच दोघं. बाकी सगळ्यांनी आमच्या माणसांचं वजन घेतलं, उंची घेतली, रक्त घेतलं, दारू किती पिता ते विचारलं, आणि गेले. "त्या पोरांनी रक्त नेलं, त्याचं काय झालं?" हा प्रश्न मला बाजारात, बसस्टँडवर, लग्नात विचारला गेला आहे. माझ्याकडे उत्तर नसायचं. पुढच्या वेळी दुसरी मुलं आली की हीच घरं दार लोटून घेतात, आणि मग खेड्यातले लोक सहकार्य करत नाहीत असं अहवालात लिहिलं जातं.

आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं भाचीने मला वाचून दाखवली. ज्यांच्यावर संशोधन होतं त्या समाजाशी संवाद ठेवावा, निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवावेत, असं त्यात आहे. म्हणजे मी काही नवीन मागत नाही. विद्यार्थ्याचा प्रकल्प मंजूर करताना नैतिकता समितीने संमतीपत्र तपासावं तसंच हेही विचारावं, की गावाला कोणत्या महिन्यात, कुठे बसून सांगणार? ते प्रकल्पाच्या अर्जात लिहून घ्यावं.

आणि मार्गदर्शकाचं गावात येणं ही त्याची हौस समजू नये. माझी त्या मॅडमशी पुढेही ओळख राहिली. ती यायची ती रविवारी किंवा रजा टाकून. तास घेणं, वॉर्ड, परीक्षा, एमडीच्या मुलांचे प्रबंध, हे सगळं कामात मोजलं जातं. एमबीबीएसच्या पोराबरोबर अंगणात उभं राहणं कशातच मोजलं जात नाही. प्रबंधाशिवाय एमडी होत नाही, म्हणून तिथे मार्गदर्शक बांधलेला असतो. पदवीच्या मुलाचा प्रकल्प ऐच्छिक, म्हणून त्याच्या वाट्याला शिक्षकाचा उरलेला वेळ. खरं तर पहिल्यांदा प्रश्न विचारायला शिकणाऱ्यालाच शिक्षक जास्त लागतो. महाविद्यालयांनी हा वेळ ड्यूटी म्हणून धरावा, जायला गाडी द्यावी. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणाऱ्या गोव्याला एवढं जड नाही. पहिल्या आठवड्यात मार्गदर्शक गावात आलाच नाही, तर तो प्रकल्प पुढे नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं हिरमुसतील, पण खोटे फॉर्म भरायची पाळी त्यांच्यावर येणार नाही.

भाचीला सध्या ईमेल येतात, पैसे भरा, तुमचा लेख लगेच छापू. तिच्या वर्गातल्या काहींना तो सोपा मार्ग वाटतो. तिला मी सांगितलंय की ज्या कागदावर तुझं नाव आहे त्यातलं प्रत्येक घर तू स्वतः चढलेली असली पाहिजेस. आता नवीन अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं सोपवतात, पुढे तीच कुटुंबं ते बघत राहतात. हे मला फार आवडलं. प्रकल्पाचा विषय तिथूनच का निघू नये? मोबाईलवर फॉर्म पाठवून आपल्याच वर्गमित्रांचा ताणतणाव मोजणारे प्रकल्प खूप होतात असं भाची सांगते. तोही विषय खरा आहे, मुलांना ताण आहेच. पण शेतात उतरणाऱ्याचा लेप्टो ताप, काजूतला माकडताप, बाळंतिणीने अर्ध्यावर सोडलेल्या लोहाच्या गोळ्या, खाणी बंद झाल्यावर घरी बसलेल्या ट्रकवाल्यांचं वाढलेलं ब्लडप्रेशर, हे प्रश्न दिल्लीतला विद्यार्थी येऊन विचारणार नाही. ते आपल्याच मुलांनी विचारायचे आहेत.

माझ्यासारख्या निवृत्त आरोग्यसेविका वाळपईत, साखळीत, पेडण्यात, केपेत आहेत. आम्हाला प्रत्येक घराची वेळ माहीत आहे, कुत्रं कोणाकडे चावरं आहे तेही माहीत आहे. मानधन नको, कदंब बसचं भाडं दिलं तरी पुरे. संबंधित विभागांनी आरोग्य केंद्रामार्फत निरोप पाठवला तर प्रश्नावली छापण्याआधी आम्ही बसून ती वाचू, कुठे लोक अडखळतील ते सांगू, आणि मग घराच्या बाहेर आंब्याखाली थांबू.

काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्या विषयावर कोणाला काम करायचं असेल तर डिसेंबर संपण्याआधी मार्गदर्शकासह एकदा येऊन जावं. संध्याकाळी पाचनंतर. पुढचं घरोघरचं काम मात्र शिगम्याचे दिवस वगळून.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका
वाळपई, सत्तरी